जुन्या ऑटोमॅटिक मोटारीचे गिअर ऑइल : बदलावे की तसेच ठेवावे?

ऑटोमॅटिक मोटार दहा-पंधरा वर्षांची झाली, की तिच्या मालकाला हमखास दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात. सर्व्हिस सेंटरमधून सांगितले जाते, ‘यंत्र लावून गिअरबॉक्स फ्लश करून घ्या.’ आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला जुनाजाणता मेकॅनिक बजावतो, ‘साहेब, इतकी वर्षे हात लावला नाही ना, मग आता लावू नका. ऑइल बदलले की गिअरबॉक्स बसतो!’ दोन्ही सल्ल्यांत काही अंशी तथ्य आहे. मात्र दोन्ही शब्दशः पाळणे महागात पडू शकते. जुन्या मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायची वेळ आली, तर तो खर्च मोटारीच्या बाजारभावाशीच स्पर्धा करू लागतो.

साध्या गिअरबॉक्समधील ऑइलचे काम प्रामुख्याने दातेरी चाकांना वंगण देण्याचे. ऑटोमॅटिकमध्ये मात्र त्याच्यावर तिहेरी जबाबदारी असते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची शक्ती पुढे पोहोचते ती याच द्रवाच्या माध्यमातून. त्याच्या दाबाने आतील क्लच प्लेट्स आवळल्या जातात. आणि निर्माण होणारी उष्णताही तोच वाहून नेतो. क्लच प्लेट घट्ट पकडली गेली पाहिजे, पण गिअर बदलताना झटका बसता कामा नये, हे संतुलन त्यातील रासायनिक घटक सांभाळतात. (एकेकाळी त्यासाठी चक्क स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जाई. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि पर्याय शोधताना उत्पादकांची चांगलीच दमछाक झाली.)

हे घटक उष्णतेने हळूहळू निकामी होतात. मुंबई-पुण्याच्या तुंबलेल्या रस्त्यांवर तासन्‌तास रांगत चालणाऱ्या मोटारीत टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि ऑइल तापते. त्यामुळे काही उत्पादकांनी ‘आयुष्यभर पुरेल’ असे म्हटले असले, तरी ते आयुष्य कोणाचे, मोटारीचे की ऑइलचे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता मेकॅनिकच्या भीतीविषयी. बहुतेक मालकांना ऑइलची आठवण होते ती गिअर घसरू लागल्यावर किंवा झटके बसू लागल्यावर. तोवर क्लच प्लेट्सचे अस्तर झिजलेले असते. त्या अवस्थेत ऑइल बदलले आणि महिन्याभरात गिअरबॉक्स बसला, तर दोष नव्या ऑइलच्या माथी मारला जातो. झिजलेल्या अस्तराचे कण जुन्या ऑइलमध्ये तरंगत असतात व तेच थोडीफार पकड देतात, असेही सांगितले जाते. ते खरे मानले, तरी असा गिअरबॉक्स मुळातच अखेरच्या घटका मोजत असतो.

फ्लशिंगचे यंत्र ऑइल कूलरच्या नळ्यांना जोडले जाते आणि जुने ऑइल बाहेर पडत असताना नवे आत सोडले जाते. पण चेंबर उघडला नाही, तर तळाशी साचलेला गाळ आणि फिल्टर तसेच राहतात. त्यातच सफाईसाठी जहाल रसायन वापरले, तर सुटलेली घाण व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकण्याची शक्यता असते. म्हणूनच, वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या मोटारीसाठी टप्प्याटप्प्याने बदल हाच शहाणपणाचा मार्ग होय.

त्याचे गणित सोपे आहे. ड्रेन प्लग उघडल्यावर सगळे ऑइल बाहेर येत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. समजा, एकूण क्षमता ७.५ लिटर आहे आणि ३ लिटर बाहेर आले. तेवढेच नवे भरले, की ६० टक्के जुने उरते. काही शे किलोमीटर चालवून पुन्हा तसेच केले, की ३६ टक्के. तिसऱ्या खेपेस सुमारे २२ टक्के. गिअरबॉक्सला धक्का न देता बहुतांश ऑइल बदलले जाते.

काढलेले ऑइल नीट पाहावे. लालसर तपकिरी रंग ही चिंतेची बाब नाही. काळे व करपल्याचा वास येणारे ऑइल मात्र क्लच प्लेट्स जळत असल्याचे सांगते. चेंबरमधील चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक. धातूचे तुकडे नव्हे. ऑइल गुलाबी दुधासारखे दिसले, तर रेडिएटरमधील कूलर फुटून त्यात कूलंट मिसळले आहे, असे समजावे आणि मोटार चालवू नये.

सर्वाधिक चुका होतात त्या ऑइलच्या निवडीत. जनरल मोटर्सने ‘डेक्सरॉन-३’चे परवाने २००६च्या अखेरीनंतर बंद केले, त्यामुळे आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांमागे मूळ कंपनीची मान्यता नसते. होंडाच्या जुन्या ‘झेड-१’ची जागा ‘डीडब्ल्यू-१’ने घेतली आहे, टोयोटाचे ‘टी-४’ आणि ‘डब्ल्यूएस’ मात्र एकमेकांऐवजी चालत नाहीत. सीव्हीटी गिअरबॉक्सचे ऑइल वेगळेच असते. २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी मोटारींचा गिअरबॉक्स तर मुळात मॅन्युअलच असल्याने त्यांना वरील विवेचन लागू नाही.

पातळी तपासण्याची रीतही मोटारीगणिक बदलते. डिपस्टिक असलेल्या बहुतेक मोटारींत इंजिन चालू ठेवून ती पाहतात. होंडामध्ये इंजिन गरम करून, बंद केल्यानंतर लगेच. ऑइल जास्त झाले तरी त्याला फेस येऊन दाब घटतो. तेव्हा काढलेले ऑइल मापात मोजूनच तेवढे नवे भरायला सांगावे, आणि ते भरले जात असताना शक्यतो स्वतः उभे राहावे.