विंडोज बदलल्यावर कॉम्प्युटर मुका झाला? खिशाला हात घालण्याआधी हे तपासा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. म्हणजे त्या तारखेनंतर सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. त्यामुळे अनेक घरांत कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवले गेले. कुणी स्वतः केले, कुणी दुकानात नेऊन करून आणले. पडदा नवा दिसतो, फाइली जागेवर असतात, इंटरनेटही चालते. आणि मग लक्षात येते की आवाजच नाही.

वरवर ही किरकोळ अडचण वाटते. पण ज्या घरात मुलगी ऑनलाइन तजवीद शिकते, तिथे ती किरकोळ राहत नाही. मराठीत आपण ‘स’ एकच लिहितो, अरबीत सीन, साद आणि से ही तीन वेगळी अक्षरे आहेत. त्यांचा फरक पुस्तकात बघून कळत नाही, उस्तादांच्या तोंडून ऐकावा लागतो आणि आपला उच्चार त्यांना ऐकवावा लागतो. ऑनलाइन शिकवणी, नोकरीची मुलाखत, सौदीत कामाला असलेल्या अब्बांशी व्हिडिओवर बोलणे, सगळे आवाजावरच चालते. अशा वेळी घाईघाईत कॉम्प्युटर दुकानात जातो आणि कधी कधी “साउंड कार्ड उडालं, मदरबोर्ड बदलावा लागेल” असे ऐकून घरचे लोक हबकतात. सगळेच दुकानदार असे नसतात, चांगले मेकॅनिकही आहेत. तरी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काल वाजत असलेला कॉम्प्युटर विंडोज बदलल्याबरोबर बंद पडला, तर दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, सेटिंगचा किंवा ड्रायव्हरचा असतो. आणि तो पैसे न देता घरी तपासता येतो.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. कॉम्प्युटरमधली आवाजाची चिप एक भाषा बोलते, विंडोज दुसरी. मधला छोटा प्रोग्राम एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावतो. विंडोज नवे आले आणि दुभाष्या जुनाच राहिला, किंवा चुकीचा दुभाष्या बसवला गेला, तर दोघेही धडधाकट असून बोलणे बंद होते.

हे खुद्द मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत घडले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज अपडेटमधून इंटेलचा चुकीचा ऑडिओ ड्रायव्हर अनेक कॉम्प्युटरवर गेला आणि त्यांचा आवाज बंद झाला. कंपनीने तो मागे घेतला आणि दुरुस्तीचे अपडेट दिले. डिसेंबर २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ‘डिरॅक’ नावाची ध्वनिसुधारणा असलेल्या काही कॉम्प्युटरचे स्पीकर आणि ब्लूटूथ हेडसेट गप्प झाले. तेव्हा कंपनीने अशा कॉम्प्युटरना ते अपडेट देणेच थांबवून ठेवले, नवा ड्रायव्हर आल्यावर मार्ग निघाला. या प्रकरणांत कुणाचे साउंड कार्ड जळालेले नव्हते.

आता क्रमाने तपासू. क्रम महत्त्वाचा आहे, सोपे आधी आणि अवघड नंतर.

१. स्पीकर जिवंत आहे का?

बाहेरचा स्पीकर किंवा हेडफोन असेल तर तो मोबाईलला जोडून वाजवा. तिथे वाजला तर स्पीकर ठीक. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला पिन हिरव्या भोकात आहे ना, ते बघा. लॅपटॉपच्या कीबोर्डवर आवाज बंद करणारे बटण असते, त्याचा दिवा लागला आहे का तेही पाहा.

२. आवाज दुसरीकडे तर जात नाही?

हे सर्वांत जास्त वेळा आढळते. विंडोज बदलल्यावर आवाज कुठून काढायचा ही निवड बदलू शकते. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला असेल तर आवाज मॉनिटरकडे जातो, आणि त्याला स्पीकरच नसतो. किंवा शेजारच्या खोलीतला ब्लूटूथ हेडफोन आपोआप जोडला जातो. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग साउंड उघडा. ‘आउटपुट’खाली दिसणाऱ्या नावांपैकी आपला स्पीकर निवडा. त्या नावावर क्लिक केल्यावर ‘टेस्ट’चे बटण मिळते, ते दाबून बघा. त्याच पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ हा पर्याय आहे, तो ‘ऑफ’ करूनही पाहा. एखाद्याच प्रोग्रामचा आवाज येत नसेल तर ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्ये त्याची पट्टी शून्यावर आहे का बघा.

३. रिस्टार्ट करा, शट डाउन नव्हे

दोन्ही एकच आहेत असे पुष्कळांना वाटते. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना यंत्रणेचा काही भाग डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुन्हा तोच उचलला जातो. म्हणजे बिघाडही जपला जाऊ शकतो. रिस्टार्ट केल्यावर सगळे पहिल्यापासून भरले जाते.

४. आवाजाची सेवा चालू आहे का?

स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘सर्व्हिसेस’ टाईप करून ती खिडकी उघडा. ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ ही दोन नावे शोधा. दोन्हींपुढे ‘रनिंग’ लिहिलेले हवे. नसेल तर राइट क्लिक करून ‘स्टार्ट’ करा.

५. दुभाष्याकडे वळा

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ हा गट उलगडा. एखाद्या नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर घोटाळा तिथेच आहे. नाव बहुधा रियलटेक, इंटेल किंवा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ असे असते. त्यावर डबल क्लिक करून ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये जा.

‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबता येत असेल तर आधी ते करा, जुना ड्रायव्हर परत येतो. तो पर्याय फिकट दिसत असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. घाबरू नका, विंडोज चिप पुन्हा ओळखून ड्रायव्हर नव्याने बसवते. तरीही जमले नाही तर ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन कॉम्प्युटरमधल्याच यादीतून निवडण्याचा पर्याय घ्या आणि ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आहे. खास सोयी मिळणार नाहीत, पण पुष्कळदा आवाज येतो आणि तेवढ्यावर काम भागते.

६. ड्रायव्हर कुठून घ्यायचा?

आधी सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘ऑप्शनल अपडेट्स’ इथे बघा. नाही मिळाला तर कॉम्प्युटर ज्या कंपनीचा आहे, एचपी, डेल, लेनोवो, एसर, तिच्याच अधिकृत संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून शोधा. क्रमांक लॅपटॉपच्या पाठीवर असतो. जुन्या मॉडेलला विंडोज ११ चा ड्रायव्हर दिलेला नसेल तर विंडोज १० चा वापरून बघा, बहुतेकदा तो चालतो.

“सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये” अशा जाहिराती दिसतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. आवाज दुरुस्त करण्याच्या नावाखाली नको ते प्रोग्राम शिरतात, आणि त्याच कॉम्प्युटरमध्ये घरच्यांचे आधार कार्ड, बँकेचे कागद आणि शिष्यवृत्तीचे अर्ज असतात.

आवाज आला तरी मायक्रोफोन विसरू नका. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘मायक्रोफोन’ची परवानगी चालू हवी. नाहीतर उस्तादांचे ऐकू येईल, पण मुलीचा सबक त्यांना ऐकू जाणार नाही.

खरा निवाडा

इतके करूनही आवाज आला नाही तर यंत्र बिघडले आहे की विंडोज, हे ठरवणारी एक खात्रीची चाचणी आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. फक्त ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नको. तिथे गाणे किंवा किरात वाजली तर चिप ठणठणीत आहे आणि मदरबोर्ड बदलायची गरज नाही. मोहल्ल्यातला एखादा कॉम्प्युटर शिकणारा मुलगा हे करून देऊ शकतो.

विंडोज ११ चढवून दहा दिवस झाले नसतील तर आणखी एक वाट आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ दाबून विंडोज १० वर परतता येते. आधी फाइलींची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या. परत गेल्यावर मात्र विस्तारित सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. घरगुती कॉम्प्युटरसाठी ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

आणि चिप खरेच गेली असेल तरी मदरबोर्ड हा शेवटचा उपाय आहे. यूएसबीला लागणारे छोटे साउंड कार्ड काहीशे रुपयांत मिळते. त्यात हेडफोन लावला की शिकवणी सुरू.

दुकानात जावेच लागले तर

गेवराईत दाखवा किंवा बीडला न्या, पण वर काय काय तपासले ते कागदावर लिहून सोबत घ्या. वायफळ खर्च सुचवायला मग कोणी सहसा धजत नाही. शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या. ठेवून यावे लागले तर घरातले फोटो आणि खासगी कागद आधी काढून घ्या, व्हॉट्सॲप आणि ईमेलमधून लॉग आउट करा. विशेषतः मुलींच्या फोटोंबाबत ही काळजी घ्याच. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या आणि पावती घ्या.

पुढच्या वेळी विंडोज बदलण्याआधी दोन कामे करून ठेवा. मॉडेल क्रमांक वहीत लिहा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून आवाजाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. हे काम घरातल्या मुलामुलींना सांगा. अर्ध्या तासाचे आहे, आणि हे करता करता कॉम्प्युटर आतून कसा चालतो हेही त्यांना कळेल.