इंजिन बसवण्याचा दिवस

पवनी तालुक्यातलं आसगाव धानाच्या पट्ट्यातलं. या भागात महिंद्राची जुनी जीप म्हणजे काळीपिवळी. बाजाराला, दवाखान्याला, वरातीला तीच. महिंद्रानं आधी मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली. पुढे फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यानं इगतपुरीत डिझेल इंजिन बनू लागलं. एक्सडीपी 4.90 हे त्यातलं नावाजलेलं: चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, 2112 सीसी. ते थकलं की लोक गाडी विकत नाहीत, इंजिनचं काम काढतात.

बोरिंग होतं, क्रँक घासून येते, नि मालक लेथवाल्याचं बिल पाहून तेच मोठं काम समजतो. माझ्या मते खरी परीक्षा नंतरची, बांधलेलं इंजिन गाडीत परत बसवताना.

इंजिन चेनपुलीला टांगून हळूहळू खाली सोडतात. क्लच प्लेट त्याआधीच जुना इनपुट शाफ्ट घालून मधोमध आणलेली असते. ती जराशी सरकलेली असली तरी गियरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. इंजिन नि गियरबॉक्समध्ये बोटभर फट उरते, तिथं मिस्त्री ओळखावा. जाणता मिस्त्री गाडी गियरमध्ये टाकतो, क्रँक पुलीला पाना लावून किंचित फिरवतो. खाचा जुळल्या की इंजिन आपसूक मागे सरकतं. उतावळा तीच फट बोल्ट आवळून मिटवतो. सगळा ताण प्लेटच्या हबवर येतो, प्लेट वाकते आणि क्लच नीट सुटत नाही.

फाउंडेशनचे रबर बसले की अर्थची पट्टी आठवणीनं जोडायची. ती राहिली तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते. मग डिझेल बंद ठेवून, ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारायचा. नवी बेअरिंगं कोरडी फिरता कामा नयेत. शेवटी एअर काढायची. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला की आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. तेव्हाच स्क्रू आवळायचा.

मालकांना एवढंच सांगणं: 'मिस्त्री, संध्याकाळपर्यंत गाडी द्या' असं म्हणू नका. लग्नसराईच्या तोंडावर इंजिन उतरवू नका, महिनाभर आधी उतरवा. पहिले हजार किलोमीटर गाडी खच्चून भरू नका, एकाच वेगानं पळवूही नका. नव्या रिंगा सिलिंडरशी घासून बसताना लोखंडाचा कीस ऑइलमध्ये उतरतो, म्हणून 500 किलोमीटरला ऑइल बदला.