डिझेल गळत नाही, मग हवा शिरते कुठून?

मागच्या पेरणीत आमचा ट्रॅक्टर सारखा एअर धरायचा. बाबा एअर काढायचे, ट्रॅक्टर चालू व्हायचा, दोन तास गेले की परत बंद. वर पाऊस भरून आलेला. मला आमचं ऑफिस आठवलं: सर्व्हर रीस्टार्ट केला, बग तसाच!

मी ओल शोधत बसलो. सगळं कोरडं. चुकलं ते इथेच. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असतं, तिथे फट पडली की डिझेल बाहेर येतं. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र पंप डिझेल ओढतो. तिथल्या फटीतून हवा आत जाते, बऱ्याचदा थेंबही न सांडता.

मग शोधायचं कसं? इंजिन बंद ठेवून फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक डिझेल पाइप जोडा. एअर काढा, चालू करा. बुडबुडे दिसले तर दोष टाकीकडच्या भागात. तिथल्या क्लिपा, वॉशर, रबरी पाइप एकेक तपासा. आमचा निघाला क्लिपेखाली चिरलेला पाइप.

आणि हो, चालू इंजिनच्या इंजेक्टर पाइपांची गळती हाताने चाचपू नका. त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं.