गिझर, बादली आणि बिल

अकोला-अमरावतीत विजेच्या बिलाचा धसका खरा कूलरचा. थंडीत कूलर बंद होतो, तरी आकडा पुरता उतरत नाही; कारण आंघोळीचं पाणी. मे महिन्यात गच्चीवरची टाकी फुकटात तापते, इतकी की हात पोळतो. डिसेंबरात तेच पाणी १५ अंशांवरून ४५वर न्यायला २० लिटरच्या बादलीमागे सुमारे ०.७ युनिट लागतं. पाच माणसांचे महिन्याला शंभरावर युनिट झाले! महावितरणचा १०० युनिटांपुढचा चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नव्हे. शेगडीवर तापवाल, तर बादलीला अंदाजे १०० ग्रॅम गॅस. म्हणजे महिन्याला १४.२ किलोचं एक सिलिंडर नुसतं न्हाणीघरात!