बंदुकीचा दस्ता, जवसाचे तेल आणि पेटणारे फडके

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी नामपूर हे गाव आहे. कांदा आणि डाळिंब पिकवणारा हा भाग. पिकांच्या राखणीसाठी आजोबांनी परवान्यावर घेतलेली एखादी बाराबोअर बंदूक अशा गावांतील जुन्या घरात अजून सापडते. तिचा लाकडी दस्ता बहुधा काळवंडलेला, चिकट झालेला आणि पोचे पडलेला असतो. तो घरच्या घरी पूर्ववत करता येतो. त्यासाठी लागते थोडे तेल, थोडी वाफ आणि बराच धीर. मात्र यातील प्रत्येक कृतीमागचे कारण ठाऊक हवे. कारण न कळता केलेली एक साधी चूक घराला आग लावू शकते!

प्रथम एक मर्यादा स्पष्ट करू. बंदूक बाळगायला जसा परवाना लागतो, तसा ती दुरुस्त करायलाही शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना लागतो. म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करणे, दस्ता सोडवणे आणि पुन्हा बसवणे ही कामे परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावीत. दस्त्याला तडा गेला असेल तर तोही त्यालाच दाखवावा. आपण केवळ सुट्या लाकडाच्या पृष्ठभागाचा विचार करणार आहोत. हेच ज्ञान कुदळीच्या दांड्याला, जुन्या टेबलाला किंवा क्रिकेटच्या बॅटलाही लागू पडते.

लाकूड काळे का पडते?

चांगले दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे असतात. हे लाकूड वजनाच्या मानाने मजबूत असते आणि धक्का सोसते. त्याचा नळीजवळचा भाग काळा पडतो, कारण यंत्राला घातलेले खनिज तेल हळूहळू ओघळून लाकडात मुरते. बंदूक वर्षानुवर्षे नळी वर करून उभी ठेवली की हे हमखास घडते. खनिज तेल कधीच घट्ट होत नाही. ते लाकूड मऊ करते.

हे तेल खरवडून निघत नाही, ते शोषून काढावे लागते. खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून तिचा लेप द्यावा. टर्पेंटाइन लाकडात शिरून तेल पातळ करते. मग ते उडून जाऊ लागते, तसे तेल केशाकर्षणाने लेपाच्या सूक्ष्म छिद्रांत ओढले जाते. लेप वाळला की झटकून टाकावा आणि हीच कृती दोनतीनदा करावी. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. कॉस्टिक सोडा मात्र वापरू नये. अल्कलीमुळे लाकडातील तंतूंना बांधून ठेवणारे घटक दुबळे होतात.

वरचे जुने पॉलिश कशाचे आहे हे ओळखायला एका कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश. ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून निघते. काचकागद शक्यतो टाळावा, आणि धातू जिथे बसतो तिथे तर लावूच नये. तिथले लाकूड किंचित जरी कमी झाले तरी सांधा सैल होतो.

पोचा वर कसा येतो?

लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींची जुडी. आघाताने या नळ्या चेपल्या जातात, पण बहुधा तुटत नाहीत. पोच्यावर ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री क्षणभर टेकवली, की वाफ आत शिरते. ऊब आणि ओलावा यांमुळे पेशींच्या भित्तिका मऊ होतात, पाणी धरून फुगतात आणि बऱ्याच अंशी मूळ आकारावर येतात. ओरखड्यावर मात्र हा उपाय चालत नाही, कारण तिथे तंतू कापले गेलेले असतात. चेपलेले उठते, तुटलेले जुळत नाही. वाफ दिल्यावर दस्ता सावलीत काही दिवस सुकू द्यावा.

तेल खरोखर ‘वाळते’ का?

आता तेल लावायचे. ते जवसाचेच का, खोबऱ्याचे का नाही? ओले कापड वाळते म्हणजे त्यातले पाणी उडून जाते. जवसाच्या तेलाचे तसे होत नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषून घेते. त्याच्या मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लिनोलेनिक आम्ल असते आणि त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. या बंधांच्या शेजारी ऑक्सिजनची अभिक्रिया होते, एक रेणू दुसऱ्याशी जोडला जातो आणि द्रवाचे एक विस्तीर्ण जाळे, म्हणजेच बहुवारिक तयार होते.

तेलात दुहेरी बंध किती, हे आयोडीन मूल्यावरून कळते. १०० ग्रॅम तेल जितके ग्रॅम आयोडीन शोषते, तो हा आकडा. जवसाच्या तेलाचे आयोडीन मूल्य सुमारे १७० ते २००, करडईचे १४० ते १५०, शेंगदाण्याचे ८५ ते १०५ आणि खोबरेलाचे केवळ ६ ते ११ असते. खोबरेल लावलेला दस्ता कायम तेलकट का राहील, हे यावरून समजेल.

रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल मिळते. त्यात अभिक्रिया जलद करणारे धातूंचे क्षार असतात. तेलाचे काही थेंब तळहाताने चोळावेत, पंधरावीस मिनिटांनी उरलेले तेल पुसून टाकावे आणि एकदोन दिवस थांबावे. असे चारपाच हात द्यावेत. एकदम जाड थर दिला तर वरची साय घट्ट होते, ऑक्सिजन आत पोचत नाही आणि खालचे तेल चिकटच राहते. तंतूंची टोके उघडी असतात त्या भागांना जास्त तेल लागते, कारण ओलावा तिथूनच सर्वांत जास्त ये-जा करतो. तेलाने हा ओलावा पूर्णपणे थांबत नाही, त्याचा वेग कमी होतो.

फडके पेटते कसे?

ऑक्सिजनशी होणारी ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते. दस्त्यावर तेलाचा थर पातळ असतो, त्यामुळे ती उष्णता हवेत निघून जाते. पण तेल पुसलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर? धाग्याधाग्यावर तेल पसरल्यामुळे अभिक्रियेला भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि घड्यांमुळे उष्णता आतच कोंडते. तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की तापमान आणखी चढते. काही तासांत फडके, काडी न लावता, आपोआप पेट घेऊ शकते.

२३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीला आग लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकडाला तेल देताना वापरलेली, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी हे तिचे कारण होते. या आगीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांचे प्राण गेले. आपल्याकडे अशी फडकी बहुधा गोठ्यात, कडब्याजवळ किंवा माळ्यावर टाकली जातात, म्हणजे जळायला सामान तयारच!

उपाय सोपा आहे. वापरलेले प्रत्येक फडके उघड्या जागी, एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवावे. नाहीतर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

बंदूक शाळेत आणायचे कारण नाही. साधारण १५ सें.मी. लांबी-रुंदीच्या दोन काचा घ्या. एकीवर सुमारे १ ग्रॅम डबल बॉइल्ड जवस तेल, दुसरीवर तितकेच खोबरेल सारखे पसरा. ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या तराजूवर दोन्ही काचांचे वजन करून त्या धुळीपासून दूर, पण हवेशीर जागी आडव्या ठेवा. रोज एकाच वेळी वजन करून आलेख काढा. जवसाचे तेल घट्ट होत जाईल तसे त्याचे वजन कमी न होता वाढेल. खोबरेलाच्या वजनात लक्षात येण्याजोगा फरक पडणार नाही. आलेख काढण्यापूर्वी मुलांना विचारा : तेल ‘वाळल्यावर’ काच हलकी होईल की जड? बहुतेक हात कोणत्या बाजूने वर होतात ते पाहा आणि मग तराजूला उत्तर देऊ द्या. फडक्याचा प्रयोग मात्र करून दाखवू नये. तो समजावून सांगणेच पुरेसे आहे.