चांदूर बाजारचा कुत्रा जर्मनीला नेताना

चांदूर बाजारहून नोकरीसाठी जर्मनीला जाणाऱ्या कुटुंबाला घरचा कुत्रा सोबत नेता येतो. तयारी मात्र किमान चार महिने आधी सुरू करावी लागते. आधी मायक्रोचिप, मगच रेबीजची लस. क्रम उलटला तर युरोपीय संघ ती लस धरत नाही. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडे मोजतात. प्रमाण दर मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक तरी हवे. भारत सवलतीच्या देशांच्या यादीत नसल्याने रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबणे सक्तीचे आहे. हा काळ कुत्र्याला प्रवासाच्या पिंजऱ्याची सवय लावण्यात घालवावा. प्रवासातली त्याची धास्ती या सवयीने कमी होते. जर्मनीत पोहोचल्यावर स्थानिक पालिकेत नोंद करून वार्षिक श्वानकर भरावा लागतो.