मंजूर शिष्यवृत्ती गेली कुठे?

रविवारची वंदना आटोपली की आमच्या विहारात दोन-चार मुले कागद घेऊन थांबतात. मागे एक मुलगी आली, बी.एस्सी.ची. संगणकावर शिष्यवृत्ती जमा झाल्याची नोंद, पासबुकात मात्र रुपया नाही! दोन दिवस शोधल्यावर उलगडा झाला. मोबाइलच्या दुकानात कधीतरी उघडून दिलेल्या खात्यात रक्कम पडून होती. आधार क्रमांक शेवटी ज्या खात्याशी जोडला, तिथे हा पैसा जातो. आम्हालाही तोवर ते ठाऊक नव्हते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यावर आपल्या पिढ्या शिकल्या. तेव्हाही अडवणूक होतीच; पण अडवणारा कारकून समोर दिसे, त्याच्याशी भांडता येई. २०१७-१८ पासून अर्ज महाडीबीटीवर गेले. पहिल्याच वर्षी यंत्रणा कोलमडली आणि सरकारला पुन्हा कागदी अर्ज घ्यावे लागले. आता ती चालते. पण अर्जात त्रुटी निघाली की तो मुकाट परत येतो. पाहिला नाही तर मुदत संपते.

आपल्या घरांची आणखी एक अडचण आहे. आजोबांच्या दाखल्यावर एक आडनाव, धम्मदीक्षेनंतर वडिलांनी लावलेले दुसरे. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचे कागद काढणे आलेच. बौद्धांच्या सवलतींसाठी १९९० साली कायदा दुरुस्त झाला, पण १९५६ साली आपण नाव का बदलले हे यंत्राला कोण सांगणार? ते फक्त अक्षरे जुळवते. 'कांबळे'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडे-तिकडे झाले, की मुलगा तहसीलच्या खेपा घालतो आणि बाप रोजी बुडवतो.

माता-भगिनींनो, मुलांना एवढे विचाराच : आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे? नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे ना? अर्ज दर आठवड्याला उघडून पाहतोस का? दाखल्याच्या अर्जाची पोच जपून ठेवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करता येते, आणि ते पोचेशिवाय अवघड.

त्या मुलीने पैसे काढून फी भरली. रविवारी दहा वाजता ती आमच्यासोबत विहारात टेबल मांडून बसते. येताना मूळ दाखले आणा, झेरॉक्स चालणार नाही.